काळी वाळू

केरळ राज्यात कोल्लम शहराच्या उत्तरेस, समुद्राच्या अगदी कडेला, चवरा नावाचे गाव आहे. एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस खाडीचे संथ पाणी. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या रांगा, कोळ्यांची घरे आणि वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. या किनाऱ्यावर प्रथमच येणाऱ्या माणसास नवल वाटते ते तेथील वाळूचे. इतर ठिकाणची वाळू पांढरी किंवा पिवळसर असते. येथे मैलच्या मैल काळे पट्टे पसरलेले दिसतात. मूठभर वाळू उचलून पाहिली, तर ती हाताला चांगलीच जड लागते. तेथील लोक तिला आपल्या भाषेत 'करिमणल', म्हणजे काळी वाळू, असेच म्हणतात.

काळी वाळू कोकणातही आहे. रत्नागिरीजवळच्या काही किनाऱ्यांवर इल्मेनाइट नावाच्या खनिजाचे काळे कण साधारण वाळूत मिसळलेले सापडतात. चवऱ्याच्या वाळूलाही काळा रंग आला आहे तो इल्मेनाइटमुळेच. परंतु तिच्यात मधासारख्या पिवळसर रंगाचे आणखी काही बारीक कण असतात. शंभर भाग वाळूत त्यांचा एक भागही क्वचितच भरतो. या कणांना मोनाझाइट म्हणतात. या अल्पशा कणांसाठीच जर्मनी, इंग्लंड, अमेरिका आणि जपान अशा दूरदूरच्या देशांची दृष्टी या किनाऱ्याकडे वळली.

ही वाळू येथे आली कोठून? सह्याद्रीच्या दक्षिण भागातील खडक अतिशय प्राचीन आहेत. ऊन, वारा आणि पाऊस यांनी ते लाखो वर्षे झिजत आले. पावसाळ्यातील ओढ्यांनी आणि नद्यांनी त्यांचा चुरा समुद्रात नेऊन टाकला, आणि मग समुद्राने सुगृहिणीचे काम हाती घेतले. सुपात धान्य पाखडताना हलके फोलपट उडून जाते आणि दाणा मागे राहतो. तशीच लाट किनाऱ्यावर चढते, परतताना हलकी वाळू आपल्याबरोबर ओढून नेते आणि जड कण मागे ठेवते. साधी वाळू पाण्याच्या अडीचपटींहून थोडी अधिक जड असते. मोनाझाइट पाचपट जड असते. वर्षानुवर्षे चाललेल्या या पाखडण्यातून काळे पट्टे तयार झाले.

या वाळूचे मोल जगाला कसे कळले, ती हकिकत मोठी गमतीची आहे. पूर्वी या भागात त्रावणकोरचे संस्थान होते. तेथील काथ्या परदेशी जात असे. इ. स. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला जर्मनीत आलेल्या या काथ्याला चिकटलेले वाळूचे पिवळसर कण दिसले. दुसऱ्या कोणी ते झटकून टाकले असते. शोम्बर्गने ते तपासले, ते मोनाझाइट आहे हे ओळखले आणि काथ्याचा माग काढीत तो थेट त्रावणकोरात येऊन पोहोचला. कन्याकुमारीजवळच्या मणवाळकुरिची या गावी त्याने वाळू वेगळी करण्याचा कारखाना काढला. पुढे १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि तो सारा कारभार इंग्रजांच्या हाती गेला.

जर्मनीला या कणांची एवढी निकड का होती? दिव्यासाठी! घरोघरी वीज येण्यापूर्वी मोठ्या शहरांतील रस्ते वायूच्या दिव्यांनी उजळत. आपल्याकडेही लग्नाच्या वरातीत आणि जत्रेत डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे चालत. त्या बत्तीत एक नाजूक जाळी असे. ती तापली, की लख्ख पांढरा प्रकाश पडे. या जाळीची युक्ती आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने शोधून काढली. त्या काळच्या जाळीत नव्व्याण्णव भाग थोरियमचे आणि एक भाग सेरियमचा असे, आणि ही दोन्ही द्रव्ये मोनाझाइटमधून निघत. त्रावणकोरची वाळू अशा रीतीने युरोपातील रस्त्यांवर प्रकाश पाडीत होती. खुद्द किनाऱ्यावरच्या झोपड्यांत मात्र तेलाची चिमणी मिणमिणत होती.

याच वेल्सबाखने १८८५ साली आणखी एक शोध लावला. तोपर्यंत 'डिडिमियम' नावाचे एक मूलद्रव्य आहे, असे रसायनशास्त्रज्ञ समजत. डिडिमॉस या ग्रीक शब्दाचा अर्थ जुळा. वेल्सबाखने दाखवून दिले की, हे एक द्रव्य नसून दोन आहेत. त्यांपैकी एकाचे नाव त्याने ठेवले नियोडिमियम, म्हणजे 'नवा जुळा'. त्या वेळी या नव्या जुळ्याचा कोणाला फारसा उपयोग नव्हता. जवळजवळ शंभर वर्षे तो असाच दुर्लक्षित राहिला.

नियोडिमियम हे ज्या कुटुंबातील आहे, त्याला 'दुर्मिळ मृदा' म्हणतात. या कुटुंबात सतरा मूलद्रव्ये आहेत. नाव थोडे फसवे आहे. पूर्वीचे रसायनशास्त्रज्ञ धातूंच्या भस्मांना मृदा, म्हणजे माती, म्हणत. इ. स. १७८७ मध्ये स्वीडनमधील इटर्बी या खेड्याजवळच्या खाणीत एक अनोळखी काळा दगड सापडला. त्यातून निघालेली माती दुसरीकडे कोठे आढळेना, म्हणून ती दुर्मिळ ठरली. त्या एका खेड्याच्या नावावरून इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम अशा चार मूलद्रव्यांची नावे पडली. एवढा मान जगातील एखाद्या राजधानीलाही मिळालेला नाही. पुढे कळून आले की, ही द्रव्ये तितकीशी दुर्मिळ नाहीत. सेरियम तर पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. अडचण निराळीच आहे. ही द्रव्ये एके ठिकाणी भरपूर अशी क्वचित सापडतात, आणि सापडली तरी सगळी भावंडे एकमेकांना घट्ट बिलगून असतात.

नियोडिमियमचे दैव उघडले ते १९८३ साली. जपानमधील मासातो सागावा आणि अमेरिकेतील जॉन क्रोट या दोघांनी, एकमेकांच्या नकळत, एकाच सुमारास असे दाखवून दिले की, लोखंड, बोरॉन आणि नियोडिमियम एकत्र आणल्यास त्यांपासून असामान्य शक्तीचा चुंबक बनतो. बोटाच्या पेराएवढा असा चुंबक आपल्या वजनाच्या शेकडो पटींनी जड लोखंड उचलतो. चुंबक लहान झाला, की यंत्रही लहान आणि हलके होते. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या यंत्रात असे एक ते दोन किलो चुंबक असतात. समुद्रात उभारलेल्या प्रचंड पवनचक्क्यांपैकी अनेकींमध्ये दंतचक्रांची पेटी नसते. पात्यांबरोबर चुंबकांचे वलयच फिरते आणि वीज निर्माण होते. अशा चक्कीला एक मेगावॉट शक्तीमागे काही शे किलो चुंबक लागतात. सगळ्याच पवनचक्क्यांची रचना अशी असते, असे मात्र नव्हे. सह्याद्रीच्या पठारांवर दिसणाऱ्या जुन्या चक्क्यांपैकी पुष्कळांत साध्या तांब्याच्या वेटोळ्यांवरच काम भागते.

कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने हवा दूषित होते आणि पृथ्वीचे तापमान वाढते. म्हणून जगातील देश वारा आणि सूर्य यांपासून वीज मिळवू लागले आहेत आणि वाहने विजेवर चालवू लागले आहेत. तेलाची गरज त्यामुळे कमी होते, परंतु तिच्या जागी नव्या गरजा उभ्या राहतात. विजेच्या घटांना लिथियम, कोबाल्ट, निकेल आणि ग्रॅफाइट लागते. चुंबकांना नियोडिमियम लागते. ज्यांच्यावाचून काम अडते आणि ज्यांचा पुरवठा थोड्याच हातांत असतो, अशा खनिजांना कळीची खनिजे म्हणावे. भारत सरकारने २०२३ साली अशा ३० खनिजांची यादी प्रसिद्ध केली. दुर्मिळ मृदा त्या यादीत आहेतच.

आता कोणी म्हणेल, काळी वाळू आपल्या किनाऱ्यावर असताना भारताला चिंता कशाची? आपल्या देशात मोनाझाइटचा साठा सुमारे १ कोटी ३० लाख टन असावा, असा अंदाज आहे. केरळ, तामिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशा अशा अनेक राज्यांच्या किनाऱ्यांवर तो पसरला आहे. हा प्रश्न योग्यच आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी वाळूपासून चुंबकापर्यंतची वाट नीट पाहिली पाहिजे, कारण ती बरीच लांबची आहे.

प्रथम वाळू पाण्याच्या प्रवाहातून नागमोडी पन्हळींवरून सोडतात. हलके कण कडेला जातात, जड कण मागे उरतात. नंतर कण वेगळे करण्यासाठी चुंबक आणि विजेचा दाब वापरतात. इल्मेनाइट चुंबकाकडे जोराने ओढले जाते, मोनाझाइट थोडेसेच ओढले जाते. इल्मेनाइट वीज वाहून नेते, मोनाझाइट नेत नाही. अशा लहानलहान फरकांचा आधार घेऊन मोनाझाइट बाजूला काढले जाते. मग ते बारीक दळून दाहक सोड्यात शिजवितात. त्यातील फॉस्फेट विरघळून निघून जाते. उरलेल्या लगद्यातून थोरियम वेगळे करतात. थोरियम किरणोत्सारी आहे. ते कोठेही टाकून देता येत नाही, पहाऱ्यात साठवून ठेवावे लागते.

येथवरचे काम अवघड असले, तरी खरी परीक्षा यापुढे आहे. आता हाती आलेल्या मिश्रणात सगळी भावंडे एकत्र असतात आणि त्यांचे गुणधर्म इतके सारखे असतात, की एकाला विरघळविणारे आम्ल दुसऱ्यालाही विरघळविते. त्यांना वेगळे करण्यासाठी दोन न मिसळणारे द्रव घेतात. एक पाण्यासारखा, दुसरा रॉकेलमध्ये विशिष्ट रसायन घातलेला. दोन्ही घुसळून स्थिर होऊ दिले, म्हणजे एक भावंड तेलाकडे किंचित अधिक झुकते आणि दुसरे पाण्याकडे किंचित अधिक राहते. हा फरक इतका थोडा असतो, की एकदा घुसळून काहीच साधत नाही. म्हणून टाक्यांमागून टाक्या मांडून तेच काम शेकडो वेळा करावे लागते. तेव्हा कोठे शुद्ध नियोडिमियमचे भस्म हाती येते. भस्मापासून धातू, धातूपासून मिश्रधातू, मिश्रधातूची डोळ्यांनाही न जाणवणारी पूड, ती पूड चुंबकीय क्षेत्रात दाबून केलेली वडी, मग हजार अंशांहून अधिक तापमानाची भट्टी, असे टप्पे ओलांडल्यावर चुंबक तयार होतो. यांतील एक पायरी जरी आपल्याजवळ नसली, तरी पुढच्या पायरीसाठी परक्याचे दार ठोठवावे लागते.

स्वातंत्र्यानंतर भारताने या वाटेवर लवकरच पाऊल टाकले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९५० साली 'इंडियन रेअर अर्थ्स' ही संस्था स्थापन झाली. १९५२ साली केरळमधील आलुवा येथे, पेरियार नदीच्या काठी, मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा तिचा कारखाना पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. परदेशी जाणारी कच्ची वाळू आपल्याच देशात उपयोगात आणावी, हा त्यामागील हेतू होता. डॉ. होमी भाभा यांची दृष्टी मुख्यतः थोरियमवर होती. त्यापासून पुढे अणुशक्ती मिळवावी, असे त्यांच्या मनात होते. दुर्मिळ मृदा हे त्या कामातील जोडउत्पन्न होते. त्या काळी ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे, कारण नियोडिमियमचा चुंबक अजून जन्मालाच आला नव्हता. तो जन्मल्यावर मात्र पुढच्या पायऱ्या बांधण्यात आपल्याकडून उशीर झाला.

तो उशीर चीनने केला नाही. चीनच्या उत्तरेस बायान ओबो येथे लोखंडाची मोठी खाण आहे आणि त्या लोखंडाबरोबरच दुर्मिळ मृदांचा अफाट साठा आहे. चीनने खाण, शुद्धीकरण, धातू, चुंबक अशा सर्व पायऱ्या एकापुढे एक बांधल्या आणि माल अत्यंत स्वस्त विकला. त्या स्वस्ताईची किंमत तेथील पाण्याने आणि जमिनीने मोजली. खाणीचा माल जेथे जातो, त्या बाओटो शहराजवळ दूषित गाळाचा भलामोठा तलाव साचला. जगातील इतर कारखान्यांना त्या भावात टिकाव धरता आला नाही. एके काळी सर्वांत पुढे असलेली अमेरिकेतील माउंटन पास ही खाण २००२ साली बंद पडली. आलुव्याच्या कारखान्यातही मोनाझाइटवरील प्रक्रिया त्यानंतर थोड्याच वर्षांत थांबली. २०१० साली जगातील दुर्मिळ मृदांचे पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक उत्पादन एकट्या चीनमधून होत होते.

त्याच वर्षी जपान आणि चीन यांच्यात समुद्रातील काही बेटांवरून तंटा झाला आणि जपानला जाणारा माल सुमारे दोन महिने अडून राहिला. जपानजवळ उत्तम चुंबक बनविणारे कारीगर होते, पण वाळूचा कणही नव्हता. जपानने ऑस्ट्रेलियातील खाणीला पैसा पुरविला, जुन्या यंत्रांतून चुंबक काढून पुन्हा वापरण्यास आरंभ केला आणि भारताशीही करार केला. भारतातील नियोडिमियम जपानला जाऊ लागले, कारण ते घेऊन चुंबक बनवील असा मोठा कारखाना भारतात नव्हता.

वऱ्हाड-खानदेशचा कापूस एके काळी गाठी बांधून विलायतेस जाई आणि त्याचेच कापड होऊन दुप्पट-चौपट मोलाने आपल्या बाजारात परत येई. नियोडिमियमची गोष्ट थोडीफार अशीच झाली. ऊस आपल्या मळ्यात आणि गुऱ्हाळ परमुलखात!

या उशिराचा चटका २०२५ साली बसला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मिळ मृदांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. परवाने वेळेवर मिळेनात. भारतातील विजेच्या गाड्यांचे कारखाने बहुतांश चिनी चुंबकांवर अवलंबून होते. पुणे परिसरातील कारखान्यात जुलैमध्ये विजेच्या दुचाकींचे उत्पादन बरेच कमी करावे लागले. गाडीचा सांगाडा तयार, चाके तयार, कामगार हजर. आणि खोळंबा कशाचा, तर मुठीत मावेल एवढ्या चुंबकाचा.

तेव्हापासून हालचालींना वेग आला. जानेवारी २०२५ मध्येच केंद्र सरकारने कळीच्या खनिजांसाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली होती. नोव्हेंबरमध्ये ७,२८० कोटी रुपयांची आणखी एक योजना मंजूर झाली. वर्षाला ६,००० टन चुंबक देशातच तयार व्हावेत, हा तिचा उद्देश आहे. भस्मापासून चुंबकापर्यंतच्या राहून गेलेल्या पायऱ्या तिने बांधावयाच्या आहेत. लिथियमसाठी एका सरकारी कंपनीने २०२४ साली दूर अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात पाच क्षेत्रे घेतली आहेत. परंतु कारखाना उभारणे म्हणजे दुकान थाटणे नव्हे. कुशल हात तयार होण्यास वर्षे लागतात. त्यात आणखी एक अडचण अशी की, चुंबक तापला तर त्याची शक्ती उतरते. ती टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम थोडेसे घालावे लागते, आणि ही दोन भावंडे आपल्या मोनाझाइटमध्ये नावापुरतीच आहेत. त्यांच्यासाठी बाहेरच पाहावे लागेल. अथवा त्यांच्यावाचून चालेल असे यंत्र शोधावे लागेल. त्या दिशेनेही शास्त्रज्ञांचे प्रयत्न चालू आहेत. मोडक्या यंत्रांतील चुंबक भंगारात न घालविता वेगळे काढणे, हा त्याहून सोपा मार्ग आहे. त्याकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

आणि चवऱ्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांचे काय? वाळू ही त्यांच्या दृष्टीने खनिज नव्हे. ती समुद्राला थोपवून धरणारी भिंत आहे. चवऱ्याच्या उत्तरेस लागूनच आलप्पाड नावाची चिंचोळी पट्टी आहे. २००४ सालच्या सुनामीने तेथे फार मोठी प्राणहानी झाली. २०१८ च्या अखेरीस आणि २०१९ च्या आरंभी तेथील लोकांनी वाळू काढण्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. वाळू उचलल्याने किनारा खचतो, समुद्र आत येतो आणि घरे व होड्या लावण्याची जागा नाहीशी होते, असे त्यांचे म्हणणे होते. खाणीकडून सांगण्यात येते की, खनिज काढून उरलेली वाळू खड्ड्यांत परत भरली जाते आणि किनारा झिजण्याला इतरही कारणे आहेत. दोन्ही बाजूंचे म्हणणे तपासण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या. परंतु ज्याच्या अंगणापर्यंत लाट आली आहे, त्याला अहवालाची वाट पाहणे किती कठीण जात असेल! त्याच्या पायाखालच्या वाळूतून निघालेल्या द्रव्यावर उद्या शहरातील गाड्या धूर न सोडता धावतील. त्या मोबदल्यात त्याचे घर, त्याची होडी आणि त्याचा किनारा यांची हमी कोणी द्यावयाची, हा प्रश्न चुंबकाच्या किंमतीत धरलेला नसतो.

पावसाळ्यात येथील समुद्र खवळतो. मोठमोठे दगड रचून बांधलेल्या भिंतीवर लाटा आदळतात आणि होड्या ओढून दूर ठेवाव्या लागतात. पाऊस ओसरला, की लाटा पुन्हा शांतपणे चढू-उतरू लागतात, पांढरी वाळू मागे नेतात, आणि ओल्या किनाऱ्यावर काळी रेघ उमटू लागते.